१ नोव्हेंबरच्या रात्री पात्स्कुआरोला आमच्यासोबत येताय, त्यांच्यासाठी

नमस्कार मंडळी. मेक्सिकोत राहणाऱ्या आपल्या लोकांना घेऊन आम्ही मिचोआकान राज्यात पात्स्कुआरो तलावाकाठच्या गावांत जातो, दिया दे मुएर्तोससाठी (म्हणजे मृतांचा दिवस, गेलेल्या माणसांची आठवण काढायचा सण). गाडीत बसायच्या आधी हे पान वाचूनच या, रात्री तिथे पोचल्यावर समजावत बसायला वेळ नसतो आणि मोठ्याने बोललेलं बरंही दिसत नाही.

पहिली गोष्ट, हा शो नाहीये. मेक्सिको सिटीतली मोठी परेड २०१६ पासूनची, तिथे खुशाल तोंड रंगवून कात्रीना (नटलेली सांगाडा-बाई) बनून जा. गावातल्या पांतेओनमध्ये (म्हणजे दफनभूमी, हा शब्द सारखा कानावर येईल) मात्र घरातली माणसं शाल गुंडाळून, मेणबत्त्या लावून रात्रभर बसलेली असतात, आपल्या गेलेल्या माणसाची वाट बघत, खरोखर वाट बघत. आपण पितृपक्षात पान वाढून कावळ्याची बघतो ना, तशी. कोणाकडे श्राद्धाला जेवायला जाताना जसे जाता तसेच इथे या, निम्मं काम तिथेच झालं.

१ तारीख लहानपणी गेलेल्या मुलांची, २ तारीख मोठ्यांची, आणि मधली रात्र जागायची. घरोघरी ओफ्रेंदा (गेलेल्या माणसासाठी सजवलेली वेदी) मांडतात, त्यावर फोटो, मीठ, कोपालचा धूर (झाडाचा डिंक असतो तो, आपल्या धुपासारखा), पान दे मुएर्तो हा गोड पाव, शिवाय त्या माणसाला जे आवडायचं ते, मग ती कोकची बाटली असेल नाहीतर सिगारेट. पाण्याचा ग्लास हमखास असतो कारण एवढ्या लांबून आलेला जीव तहानलेला असणार. आणि सगळीकडे झेंडू! त्याला इथे सेम्पासूचिल म्हणतात, हा मूळचा इथलाच, दसऱ्याला आपण दाराला ज्याचं तोरण बांधतो तो झेंडू मेक्सिकोतून जगभर गेलेला आहे. दारापासून ओफ्रेंदापर्यंत पाकळ्यांची वाट केलेली असते, त्या वासावर आणि रंगावर आत्म्याला घर सापडावं म्हणून, तेव्हा त्या वाटेवर पाय देऊ नका, बाजूने जा. थडग्यांच्या मधून चालताना पण खाली बघत चाला.

मोनार्क फुलपाखरं कॅनडा-अमेरिकेतून साधारण याच दिवसांत मिचोआकानच्या डोंगरात येऊन पोचतात आणि इथे पुष्कळ लोक मानतात की ते आपले पूर्वजच परत आले. आपला कावळा, यांचं फुलपाखरू.

तलावातल्या हानित्सिओ बेटावर आम्ही नेत नाही. नाव मोठं आहे पण त्या रात्री बोटींना एवढी गर्दी की शांतपणे उभं राहता येत नाही. त्याऐवजी आरोकुतिनला जातो, तिथे चर्चच्या अंगणातच दफनभूमी आहे, गाव छोटं, म्हणून आपणही आठच जण. फोटो काढायचा तर आधी "पुएदो तोमार उना फोतो?" असं विचारा, नाही म्हणाले तर ग्रासियास (धन्यवाद) म्हणून पुढे व्हा, आणि फ्लॅश अजिबात नको.

शाकाहारी मंडळींनी लक्ष द्या, तामालेसमध्ये (पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ) बहुतेक वेळा डुकराची चरबी असते आणि मोलेमध्ये (मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा) चिकनचं पाणी, पावात अंडं असतंच. बिनधास्त खाता येईल असं म्हणजे कालाबासा एन ताचा, भोपळा असतो तो, पिलोन्सिओमध्ये म्हणजे आपल्या गुळासारख्या गुळात शिजवलेला, फार छान लागतो. ओफ्रेंदावरचं काही उचलायचं नाही, घरच्यांनी स्वतः हातात दिलं तर नाही म्हणू नका.

गाव २००० मीटरच्या वर आहे, पहाटे चांगलीच थंडी वाजते, स्वेटर, टोपी, मोजे हवेत. सुटे पेसो ठेवा, कार्ड चालत नाही. रिकाम्या हाताने जायचं नसतं, झेंडू आणि मेणबत्त्या आम्ही घेतो, फळं तुम्ही आणलीत तर उत्तम.

अजून एक. आमच्याकडे येणाऱ्यांत असे बरेच असतात ज्यांना घरचं माणूस गेलं तेव्हा भारतात वेळेवर पोचता आलं नाही, तिकीट, सुट्टी, व्हिसा, काही ना काही आडवं आलं. आपण ज्या आजींकडे उतरतो त्यांना आम्ही विचारून ठेवलंय, त्यांच्या ओफ्रेंदावर तुमच्या माणसाचा फोटो ठेवायला त्यांची काही हरकत नाही, उलट त्या नाव विचारतात आणि काय आवडायचं तेही विचारतात. फोटो प्रिंट करून आणा, छोटा चालेल, फ्रेम नको, मागे नाव लिहा. चहा आवडायचा असेल तर चहा पावडर आणा, दूध-साखर तिथे मिळेल.