प्लांटेड टँक घरी नेल्यावर: टाकी धुऊ नका

आमच्याकडून प्लांटेड टँक, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची काचेची टाकी, नेलेल्या ग्राहकाचा महिन्याभरात फोन आला की आम्ही आधी एकच विचारतो: टाकी धुतली का? बहुतेक वेळा उत्तर 'हो' असतं. रविवारी मासे बादलीत काढले, वाळू घासली, फिल्टर नळाखाली धरला, नवं पाणी भरलं. सोमवारी पाणी दुधाळ होतं आणि मंगळवारी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. हे सगळं मायेपोटी होतं, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच हे पत्रक पाणी भरण्याआधी वाचा.

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजलं की अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. वाळूत, दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. नायट्राइटही घातकच, नायट्रेटचा त्रास मात्र बराच कमी. झाडं अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही खत म्हणून वापरतात. जीवाणूंची ही वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, आणि टाकी घासून धुतली की तिचा मोठा भाग मोरीत वाहून जातो. म्हणून टाकी नवी असताना मासे थोडेच घ्या. दोन फुटी टाकीत सुरुवातीला पाच-सहा गप्पी पुरेत. बाकीचे महिन्या-दीड महिन्याने न्या. एकाच दिवशी सगळे मासे मागितलेत, तर आम्ही थांबायलाच सांगू.

पाणी दर 15 दिवसांनी बदला, तेही पाव टाकीच. पहिला महिना मात्र दर आठवड्याला. फिल्टरचा स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा आणि परत बसवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना आणि जीवाणूंना मारक असतं. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवा किंवा अँटीक्लोरीनचे थेंब घाला. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं, क्लोरीनचा वास उग्र वाटला, तर त्या आठवड्यात पाणी बदललं नाही तरी चालेल. आरओचं निव्वळ पाणी वापरू नका, त्यात झाडांना आणि माशांना लागणारे क्षार जवळजवळ उरत नाहीत. बोअरचं जड पाणी असेल तर आधी सांगा. व्हॅलिसनेरिया हे झाड आणि गप्पी, मॉली हे मासे त्यात उत्तम राहतात, निऑन टेट्रा मासे नाही. उन्हाळ्यात पाणी आटतं तेव्हा क्षार टाकीतच राहतात. त्यामुळे वरून भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे.

दिवा रोज 6 तास, टायमर लावूनच. हिरवं शेवाळ वाढलं तर औषध मागायला येण्याआधी दिव्याचे तास मोजा आणि खिडकीतलं ऊन टाकीवर पडतं का ते पाहा. आमच्या पाहण्यात शेवाळाच्या बहुतेक तक्रारी या दोन गोष्टी सुधारल्या की मिटतात.

आम्ही देतो ती झाडं मंद प्रकाशात, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरशिवाय जगणारी आहेत. अनुबियास आणि जावा फर्न यांचं आडवं जाड खोड मातीत पुरू नका, ते कुजतं. दोऱ्याने लाकडाला किंवा दगडाला बांधा, मुळं आपोआप धरतात. क्रिप्टोकोरिन मात्र मातीतच लावायचं. याचीच स्पायरॅलिस ही जात आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठी उगवते. नव्या टाकीत गेल्यावर क्रिप्टोची पानं विरघळल्यासारखी होतात आणि ग्राहक घाबरून झाड उपटून टाकतात. कृपा करून तसं करू नका. रोपवाटिकेत ही झाडं बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असतात, त्यामुळे जुनी पानं जातात. मेलेली पानं कापा, मुळांना हात लावू नका. काही आठवड्यांत पाण्यातली नवी पानं येतात, आणि ती पाहण्यासारखी असतात.

खाद्य दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकं. आठवड्यातून एक दिवस उपास घडवा. गणपतीला गावी आठवडाभर जात असाल, तर धडधाकट मोठे मासे खाद्याविना राहतात. खाद्याचा डबा शेजाऱ्यांकडे मात्र देऊ नका. गावाहून परतलेल्यांच्या टाक्या आम्ही साफ करतो, त्यातलं पाणी उपाशी माशांमुळे नव्हे, न खाल्लेल्या खाद्यामुळे नासलेलं असतं.

वीज बराच वेळ गेली तर खाद्य बंद ठेवा आणि अधूनमधून मगभर पाणी टाकीतूनच घेऊन वरून ओता. अंधारात झाडंही प्राणवायू वापरतात, त्यामुळे रात्रीच्या भारनियमनात हे जास्त गरजेचं.

काच साफ करायला म्हणून 'सकर' मासा मागितला जातो. आम्ही तो देत नाही. तो फुटापेक्षा मोठा होतो आणि दोन फुटी टाकीत त्याचे हाल होतात. मग लोक तो नदीत सोडतात. उजनीच्या जलाशयात हे सकर मच्छीमारांच्या जाळ्यात येतात, त्यांच्या काटेरी परांनी जाळी फाटतात. कोणताही मासा नको झाला, तर दुकानात आणून द्या, आम्ही तो विनामूल्य ठेवून घेऊ. छाटलेली झाडंही नाल्यात किंवा विहिरीत टाकू नका, कडक उन्हात वाळवून कुंडीत घाला.