पंचवीस डॉलर आणि मधला माणूस

ऑनलाइन सूक्ष्मकर्जाची, म्हणजे गरिबांना इंटरनेटवरून अगदी छोटं कर्ज देण्याची गोष्ट इंटरनेटच्या बरीच आधी सुरू होते. बांगलादेशात चितगाव विद्यापीठाजवळ जोब्रा नावाचं गाव आहे. तिथे बांबूची स्टुलं विणणाऱ्या एका बाईकडे बांबूला लागणारे पाच टाकासुद्धा (टाका हे तिथलं चलन) नसत. ते व्यापारी द्यायचा, पण तयार माल त्यालाच आणि तो सांगेल त्या दराने घालायचा. एका स्टुलामागे तिच्या हाती उरायचे पन्नास पैसे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी १९७६ मध्ये गावातल्या अशा ४२ जणांचा हिशेब मांडला. सगळ्यांची गरज मिळून ८५६ टाका, म्हणजे साधारण २७ डॉलर. ते त्यांनी खिशातून दिले. पुढे १९८३ मध्ये गरिबांना अशीच छोटी कर्जं देणारी त्यांची ग्रामीण बँक उभी राहिली.

याच युनूस यांचं भाषण २००३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जेसिका जॅकली यांनी ऐकलं. नंतर त्या पूर्व आफ्रिकेत छोट्या व्यावसायिकांसोबत काम करायला गेल्या. त्या आणि मॅट फ्लॅनरी यांनी २००५ मध्ये युगांडातल्या टोरोरो इथल्या सात जणांसाठी ओळखीपाळखीतून ३,५०० डॉलर जमवले. काही महिन्यांत सगळे परत आले आणि ऑक्टोबरमध्ये 'किवा' ही लोकांकडून छोट्या रकमा घेऊन कर्ज म्हणून पोचवणारी वेबसाइट रीतसर सुरू झाली. किमान रक्कम २५ डॉलर, देणाऱ्याला व्याज शून्य. ऑनलाइन पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या पेपालने व्यवहार शुल्क माफ केलं नसतं, तर एवढ्या छोट्या रकमा फिरवणं परवडलंच नसतं. हा तपशील सहसा कुणी सांगत नाही. २००७ मध्ये ओप्रा विन्फ्रींच्या लोकप्रिय अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात नाव झळकलं आणि देणारे इतके आले की घेणारे कमी पडले. मग एका कर्जासाठी प्रत्येकी २५ डॉलरचीच मर्यादा घालावी लागली.

आकर्षण अर्थातच किवावर दिसणाऱ्या कर्जदाराच्या फोटोचं होतं. शिलाई मशीनमागे बसलेली बाई, तिचं नाव, तिची चार ओळींची कहाणी. ऑक्टोबर २००९ मध्ये अर्थतज्ज्ञ डेव्हिड रूडमन यांनी दाखवून दिलं की फोटो दिसेपर्यंत बहुतेक वेळा तिला कर्ज मिळून गेलेलं असतं. ते स्थानिक वित्तसंस्थेने दिलेलं असतं आणि आपले २५ डॉलर त्या संस्थेची तिजोरी भरून काढतात. माहिती लपवलेली नव्हती, पण मांडणीमुळे समज वेगळाच व्हायचा. किवाने आपली भाषा बदलली. माझ्या मते पद्धतीत गैर काही नव्हतं. भाजीचा हंगाम चार आठवडे थांबत नाही, कर्ज आधी मिळालेलंच बरं. खटकणारी गोष्ट दुसरी: देणारा व्याज घेत नसला, तरी घेणारी सहसा भरतेच. गावोगाव माणूस पाठवून छोटे हप्ते गोळा करायला पैसा लागतो आणि तो त्या व्याजातून निघतो.

मग हा मधला माणूस, म्हणजे स्थानिक वित्तसंस्थाच काढली तर? २००९ मध्येच 'झिडिशा' ही वेबसाइट याच विचारातून निघाली. तिथे केनियासारख्या देशांतला कर्जदार स्वतःच आपली माहिती इंटरनेटवर टाकतो. कर्ज स्वस्त पडतं, मात्र हप्ता थकला तर दारावर जाऊन विचारायला कुणी नसतं आणि बुडीत रक्कम देणाऱ्याच्याच माथी येते.