फर्मांना चकवणारी संख्या : ४,२९,४९,६७,२९७

२ चा ३२वा घात घेऊन त्यात १ मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांच्या मते ही मूळ संख्या असायला हवी होती. २ चे १, २, ४, ८ आणि १६ वे घात घेऊन प्रत्येकात १ मिळवला, तर ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. या पाचही मूळ संख्या आहेत. पुढेही असेच चालेल, असे त्यांनी १६४० मध्ये पत्रातून मांडले. १७३२ मध्ये स्विस गणिती लिओनार्ड ऑयलर यांनी सहाव्याच संख्येला ६४१ ने भाग घालवून दाखवला.

६४१ त्यांना नशिबाने सापडला नाही. सरसकट शोधायचे तर ६५,५३६ पर्यंतच्या (म्हणजे या संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या) साडेसहा हजारांहून अधिक मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. पण ऑयलर यांनी सिद्ध केले की या संख्येचा कोणताही विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो. म्हणजे तपासायच्या मूळ संख्या उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचवीलाच काम झाले! पुढे फ्रेंच गणिती एदुआर्द ल्युका यांनी ६४ च्या जागी १२८ चालतात हे दाखवले. मग २५७ नंतर थेट ६४१ च येतो.

भागाकार न करताही हे पटवता येते, आणि मला तरी हीच सिद्धता सर्वांत देखणी वाटते. ६४१ = ५ × १२८ + १. म्हणून ६४१ ने भागताना '५ गुणिले २ चा ७वा घात' याची बाकी −१ धरता येते. चौथा घात घेतला की '५ चा ४था घात गुणिले २ चा २८वा घात' याची बाकी १. आता ६४१ = ६२५ + १६ असेही लिहिता येते. त्यामुळे ५ च्या ४थ्या घाताऐवजी (६२५ ऐवजी) −१६, म्हणजे वजा २ चा ४था घात ठेवू. मग उणे २ च्या ३२व्या घाताची बाकी १ येते, म्हणजेच २ चा ३२वा घात अधिक १ याला ६४१ ने निःशेष भाग जातो.

दुसरा विभाजक ६७,००,४१७. तो मूळ आहे का? त्याचे वर्गमूळ २,५८९ पेक्षा कमी. १२८ चा नियम त्यालाही लागू आहे, म्हणून २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९ एवढ्यांनीच भागून पाहायचे. कशानेच भाग जात नाही. ६४१ ने भागल्यावर बाकी ४४ उरते. ६७,००,४१७ मूळच आहे.

संगणकावर पडताळताना दोन ठिकाणी फसगत होते. ३२ बिटांच्या चिन्हविरहित (उणे संख्या न ठेवणाऱ्या) पूर्णांकात जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ मावतात. आपली संख्या त्याहून २ ने मोठी, त्यामुळे मोजणी पुन्हा ० पासून सुरू होते आणि तिथे नुसता १ उरतो. ६४ बिटांचा प्रकार घ्यावा. दुसरे, फर्मांच्याच नियमावर आधारलेली मूळत्वाची चाचणी (पायाचा 'संख्या वजा १' इतका घात घेऊन त्या संख्येने भागायचे; संख्या मूळ असेल तर बाकी १ उरते) २ हा पाया घेऊन केली, तर ही संख्या आरामात पास होते. २ चा ६४वा घात इथे बाकी १ देतो आणि चाचणीतला घातांक ६४ च्या पटीत असतो, म्हणून उत्तर आपोआपच १ येते. पाया ३ घ्यावा. मग उत्तर १ येत नाही आणि संख्या संयुक्त असल्याचे उघड होते.