‘निकाली’ म्हणजे नेमके काय : सरकारी टेबलावरच्या हिशेबाची पार्श्वभूमी

महिनाअखेरीला कार्यालयात गोषवारा निघतो. मागील शिल्लक, नवीन आवक, एकूण, निकाली, अखेर शिल्लक. कारकुनाच्या महिन्याचा निवाडा या पाच रकान्यांवर होतो. सध्याच्या कार्यालयीन सुधारणांच्या चर्चेत रोज नवे आकडे येतात, पण चौथ्या रकान्यातला शब्द कसा घडला हे कळल्याशिवाय त्या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

फार मागे जाण्याची गरज नाही. रुमाल (कागदांचे कापडी गाठोडे), दफ्तर, बारनिशी (आवक-जावकची नोंद) हे शब्द जुन्या राजवटींतून आले. इंग्रजी अमलात त्यांना नोंदवह्यांची शिस्त लागली आणि स्वातंत्र्यानंतर ती बरीचशी तशीच चालली. खरा बदल 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला नगर जिल्ह्यात झाला. तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी अभिलेखांची, म्हणजे जपून ठेवलेल्या जुन्या कागदांची, वर्गवारी करून घेतली, मुदत संपलेले कागद काढून टाकले, त्यातून जागा मोकळी केली आणि लोकांशी संबंध येणारी कामे समोर आणून ठेवली. त्यांच्या आडनावाने ओळखला जाणारा तो ‘लखिना पॅटर्न’ पुढे राज्यभर शिकवला गेला. ‘अ’ वर्गाचा कागद कायम ठेवायचा आणि ‘ड’ वर्गाचा वर्षभराने नष्ट करायचा, हा नियम त्याआधीही होता. पण नियम असणे आणि कोणीतरी तोंडाला फडके बांधून रॅकसमोर उभे राहणे यात मोठे अंतर आहे. ते अंतर त्या कार्यालयाने ओलांडले, याचे श्रेय त्या कर्मचाऱ्यांना पुरेसे मिळालेले नाही.

याच विचारातून रुजली ती सहा गठ्ठे पद्धत. प्रत्येक टेबलावरचे कागद सहा भागांत लावायचे : प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. टेबल दुसऱ्याकडे गेले तरी नव्या माणसाला कामाचा पत्ता लागावा, ही त्यातली मोठी सोय. बदली झालेल्या सहकाऱ्याचे कपाट ज्याने एकदा तरी उघडून पाहिले आहे, त्याला हिचे मोल सांगावे लागत नाही.

गुंता पहिल्या दोन गठ्ठ्यांत झाला. प्रलंबित म्हणजे मी करायचे काम, प्रतीक्षाधीन म्हणजे दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबलेले काम. कागदावर हा भेद स्वच्छ आहे. पण तलाठ्याकडून अहवाल मागवणारे दोन ओळींचे पत्र जावकला, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांच्या वहीत, चढले की प्रकरण पहिल्या गठ्ठ्यातून दुसऱ्यात जाते. आपल्या टेबलावरची शिल्लक एकाने घटते आणि अर्जदार होता तिथेच राहतो. पुष्कळ ठिकाणी तर असे पत्र गेले की ‘निकाली’ची नोंदही होऊ लागली. त्यात दर वेळी लबाडी होती असे म्हणता येणार नाही. कारकुनाच्या हातात जे होते ते त्याने केले होते. फक्त हा शब्द टेबलापुरता होता आणि वरचा अधिकारी तो अर्जदारापुरता समजून वाचत होता.

2005 च्या कायद्याने या गुंत्याला कायद्याचे रूप दिले. बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणारा विलंब रोखणे, असे दोन्ही विषय त्यात आहेत. बोलीत त्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. 1 जुलै 2006 पासून तो लागू झाला. कोणतीही नस्ती, म्हणजे फाइल, एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. तातडीची चार दिवसांत आणि अतितातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे जावी. दुसऱ्या विभागाचा संबंध नसेल तर 45 दिवसांत निर्णय व्हावा, संबंध असेल तर तीन महिन्यांत. हेतू चांगलाच होता. पण रोजच्या कामात लक्षात राहिला तो सातचा आकडा. पाच टेबलांवर प्रत्येकी सहा दिवस थांबलेली नस्ती महिनाभर फिरते आणि त्यात कोणाचीही कसूर निघत नाही. शिवाय न्यायप्रविष्ट आणि अर्धन्यायिक (अधिकाऱ्यापुढे सुनावणी होऊन निकाल लागणारी) प्रकरणे या मुदतींतून वगळलेली आहेत. महसूल कार्यालयात शेतकऱ्याच्या जिवाला सर्वाधिक घोर लावणारी प्रकरणे नेमकी तीच असतात.

21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागली आणि कागद जळतो ही साधी गोष्ट नव्याने कळली. त्यानंतर ई-ऑफिसचा, म्हणजे नस्त्या संगणकावरच चालवण्याचा, आग्रह वाढला. नस्ती कोणत्या टेबलावर किती वेळ होती हे आता पडद्यावर दिसते, ही मोठी कमाई आहे. 2017 च्या सुमारास पुणे विभागात झिरो पेंडन्सीची, म्हणजे शिल्लक शून्यावर आणण्याची, मोहीम झाली आणि पुढे ती राज्यभर नेण्यात आली. रॅक रिकामे झाले, रंग लागले, आधीचे आणि नंतरचे फोटो निघाले. माझ्या मते मोहिमेचा खरा लाभ ‘रोजचे काम रोज’ या सवयीत होता. फोटोत ती सवय दिसत नाही, म्हणून तिची चर्चाही झाली नाही. 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आला, रोजची वेळ वाढली. त्यावर मात्र भरपूर चर्चा झाली.

दरम्यान 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदतीचे घड्याळ टेबलावरून उचलून अर्जदाराच्या हातात दिले होते. अधिसूचित सेवा, ठरलेले दिवस, विभागातच दोन अपिले, तिसरे लोकसेवा हक्क आयोगाकडे, आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये शास्ती. आजवरच्या सगळ्या सुधारणांत मला हीच सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण कामाची मोजणी इथे पहिल्यांदा कार्यालयाबाहेरून सुरू झाली.

तरी एक शब्द उरला : त्रुटी. मुदत मोजली जाते ती सर्व बाबतींत पूर्ण असलेल्या अर्जापासून. 15 दिवसांच्या दाखल्यावर चौदाव्या दिवशी ‘रेशनकार्डाची प्रत अस्पष्ट’ असा शेरा पडला की घड्याळ पुन्हा शून्यावर येऊ शकते. पुढच्या खेपेला आणखी एखादा कागद कमी निघतो. सगळ्या त्रुटी एकदाच आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत कळवाव्यात, हे सांगायला नव्या कायद्याची गरज नाही. अनेक चांगले अव्वल कारकून पूर्वीपासून हेच करत आले आहेत, अर्ज घेतानाच खिडकीवर कागद चाळून.

2025 च्या सुरुवातीला 100 दिवसांच्या कार्यालयीन सुधारणांचा सात कलमी कार्यक्रम आला. त्यात संकेतस्थळ, स्वच्छता, तक्रार निवारण असे विषय होते आणि कार्यालयांना गुणही मिळाले. एका अर्जावर किती वेळा त्रुटी काढली, याचा रकाना गोषवाऱ्याच्या त्या पाच रकान्यांत कधीच नव्हता. तो वाढवायला एक उभी रेघ पुरेशी आहे.