बुद्धिबळाच्या प्रोग्रॅममधील छाटणी

बुद्धिबळाच्या मधल्या डावात प्रत्येक वेळी साधारणपणे ३० ते ४० चाली शक्य असतात. ३० हाच आकडा धरला, तरी दोन्ही बाजूंच्या मिळून पुढच्या सहा चाली पाहायच्या तर शेवटी ७२ कोटी ९० लाख स्थिती तपासाव्या लागतील. त्यांतील बहुतेक तपासणे व्यर्थ असते. मात्र व्यर्थ कोणत्या, हे न तपासता ओळखण्यात प्रोग्रॅमचा खरा कस लागतो.

यातील निर्धोक छाटणी म्हणजे 'अल्फा-बीटा'. समजा, पहिली चाल पूर्ण तपासल्यावर निदान बरोबरी मिळते असे दिसले आणि दुसऱ्या चालीला प्रतिस्पर्ध्याचे पहिलेच उत्तर असे निघाले, की आपला वजीर फुकट जातो. आता त्याच्याकडे याहूनही घातक उत्तर आहे का, हे शोधत बसण्याचे कारण उरत नाही. या छाटणीने निष्कर्ष तसूभरही बदलत नाही. चाली उत्तम क्रमाने तपासल्या, तर वरच्या उदाहरणात अवघ्या ५३,९९९ स्थितींत काम भागते. अर्थात उत्तम क्रम आधीच ठाऊक असता, तर शोधाची गरजच काय होती! म्हणून मोहरे मारणाऱ्या चाली किंवा उथळ शोधात सरस ठरलेली चाल आधी तपासली जाते.

याहून पुढची छाटणी हा जुगार असतो. १९६६-६७ मध्ये तारेने खेळल्या गेलेल्या सामन्यात निवडक चालीच पाहणारा अमेरिकी प्रोग्रॅम सर्व चाली पाहणाऱ्या मॉस्कोच्या प्रोग्रॅमकडून ३-१ असा हरला.

त्या मानाने 'नल मूव्ह' ही युक्ती फार चतुर आहे. आपली पाळी सोडून देऊनही उथळ शोधात आपली बाजू भक्कम राहत असेल, तर प्रत्यक्ष चाल केल्यावर ती राहीलच, असे मानून ती शाखा तोडली जाते. पाळी असणे नेहमी फायद्याचे, हे यामागचे गृहीतक मात्र अंतिम डावात कोसळते. पांढरा राजा ई५ वर, त्याचे प्यादे ई४ वर आणि एकटा काळा राजा ई७ वर असताना पाळी काळ्याची असेल तर तो हरतो, पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत सुटतो. म्हणजे येथे पाळी हेच ओझे ठरते. म्हणूनच ज्या बाजूकडे राजा आणि प्यादीच उरली आहेत, तिच्यासाठी बहुतेक प्रोग्रॅम ही युक्ती बंद ठेवतात.