कीटकांचे अतिनिकट छायाचित्रण: एका पातळ प्रतलाचा इतिहास

माशीच्या डोळ्यातील षट्कोनी भिंगे सुटी सुटी मोजता यावीत अशी छायाचित्रे आज सर्रास पाहायला मिळतात, आणि ती पाहताना हे सारे वस्तू मोठी करून दाखवण्याच्या तंत्राचे यश आहे असा समज सहज होतो. प्रत्यक्षात मोठे करून पाहण्याचा प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वीच बऱ्याच अंशी सुटला होता. खरी अडचण अशी की प्रतिमा जितकी मोठी करावी तितका तिच्यातील रेखीव दिसणारा थर पातळ होत जातो, आणि कीटक काही सपाट नसतो.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांचा, सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या गोष्टींची चित्रे देणारा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ १६६५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील पिसूचे चित्र सुमारे दीड फूट लांब असून घडी उलगडून पाहावे लागते. प्रस्तावनेत हूक सांगतात की माशीचा डोळा एका प्रकाशात बारीक भोके पाडलेल्या जाळीसारखा, उन्हात सोनेरी खिळे ठोकलेल्या पृष्ठभागासारखा, तर कोन बदलताच पिरॅमिडांनी किंवा शंकूंनी भरल्यासारखा दिसतो. म्हणूनच निरनिराळ्या प्रकाशांत आणि स्थितींत पुन्हा पुन्हा पाहून खरा आकार कळल्याखेरीज ते चित्र काढायला घेत नसत. याचा अर्थ असा की त्यांच्या चित्रातील कीटक भिंगातून कोणत्याही एका क्षणी तसा दिसलेला नव्हता. अनेक निरीक्षणांची ती कागदावर केलेली जुळणी होती. मुंगी मात्र जागेवर थांबेना, तेव्हा त्यांनी तिला ब्रँडीत झिंगवले. ती तासाभराहून अधिक वेळ निपचित पडली आणि मग अचानक उठून पळाली, अशी नोंद त्यांनीच करून ठेवली आहे.

कॅमेरा आला आणि ही जुळणी करण्याची मुभा गेली, कारण कॅमेरा एका वेळी एकच प्रतल, म्हणजे एकच पातळ थर, रेखीव टिपतो. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी १८४०च्या सुमारास सौर (उन्हाच्या प्रकाशावर चालणाऱ्या) सूक्ष्मदर्शकातून कीटकांच्या पंखांची छायाचित्रे घेतली. पंख हा विषय सोयीचाही होता, कारण तो जवळजवळ सपाट असतो आणि त्यातून प्रकाश आरपार जातो. अख्खा भुंगा घेतला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. पुढे १८९९ मध्ये डब्ल्यू. एच. वॉल्म्सली यांनी दहा पटींहून कमी वर्धनाच्या चित्रांना सूक्ष्मदर्शकीय चित्रांपासून वेगळे काढण्यासाठी ‘फोटो-मॅक्रोग्राफ’ हा शब्द सुचवला. ‘मॅक्रो’ हे आजचे नाव त्याच वळणाचे आहे.

खास जवळून टिपण्यासाठीची भिंगे सामान्य छायाचित्रकाराच्या हाती आली ती १९५०च्या दशकात. हाइन्झ किलफिट यांचे मॅक्रो-किलार १९५५ साली बाजारात आले. पुढच्याच वर्षी निकॉनने आणलेल्या मायक्रो-निक्कोरमागे कीटकांचा विचार नव्हता; जपानी लिपीतील गुंतागुंतीची अक्षरे मायक्रोफिल्मवर स्पष्ट उमटावीत, हा त्याचा हेतू होता. तेच भिंग फुले आणि किडे टिपणाऱ्या छायाचित्रकारांनी आपलेसे केले. कॅननचे १९९९चे एमपी-ई ६५ मिमी हे भिंग तर पाच पटींपर्यंत गेले, आणि तिथे जुनी अडचण उघड्यावर आली. पाच पट वर्धनाला एफ/२.८ या अॅपर्चरवर (अॅपर्चर म्हणजे भिंगातील प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफचा आकडा जितका मोठा तितके ते लहान) रेखीव थराची जाडी मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाइतकी असते. माशीचा डोळा साधला तर तिची सोंड धूसर. थर जाड व्हावा म्हणून अॅपर्चर लहान करावे, तर वर्धनामुळे एफचा प्रत्यक्ष आकडा आधीच सहापट झालेला असतो, त्यामुळे एफ/१६ हे सुमारे एफ/९६ सारखे वागते आणि विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळेच चित्र मऊ पडते. प्रकाश कमी होतो तो वेगळाच. १९६५ पासून विक्रीस आलेल्या स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने, म्हणजे प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांनी चित्र घडवणाऱ्या यंत्राने, खोलवर रेखीव चित्रे दिली खरी, पण रंगाशिवाय.

सुटका झाली ती भिंगामुळे नव्हे, संगणकामुळे. फोकस किंचित सरकवत एकाच कीटकाची अनेक छायाचित्रे घ्यायची आणि प्रत्येकातील फक्त रेखीव भाग निवडून एक प्रतिमा घडवायची, ही फोकस स्टॅकिंगची पद्धत डिजिटल कॅमेऱ्यांबरोबर रुळली. छायाचित्रकार लेव्हॉन बिस यांनी ऑक्सफर्डच्या विद्यापीठ संग्रहालयातील नमुन्यांवर केलेले आणि २०१६ मध्ये प्रदर्शित झालेले काम तिचे टोकाचे उदाहरण म्हणावे लागेल. कीटकाचा एकेक भाग स्वतंत्रपणे उजळून, कॅमेरा सुमारे १० मायक्रॉननी (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने) पुढे नेत, एका कीटकासाठी ८,००० ते १०,००० छायाचित्रे घेतली गेली. हूक यांनी डोळ्याने आणि हाताने जे केले तेच इथे यंत्राने केले, असे मला वाटते. प्रकाशाची दिशा बदलून आकार शोधणेसुद्धा तेच.

अर्थात ते सारे टाचणीवरचे मृत नमुने होते. जिवंत कीटकाने मिशी हलवली तरी थर जुळत नाहीत आणि चित्रात एकाच्या दोन मिश्या उमटतात. म्हणून जिवंत कीटकांचे स्टॅकिंग करू पाहणारे सूर्योदयापूर्वीच बाहेर पडतात, कारण थंडीने गारठलेली, दवाने लडबडलेली चतुर किंवा माशी त्या वेळी गवताच्या पात्याला धरून स्तब्ध असते. ऊन अंगावर येताच तीही हूक यांच्या मुंगीसारखी निघून जाते.