राजवाडा, सराफा आणि मधल्या गल्ल्या : इंदुरातल्या पायी फेऱ्यांची पार्श्वभूमी

इंदुरात पैसे मोजून, आपल्यापुरता गाइड घेऊन जुने शहर पायी बघण्याची पद्धत अलीकडची आहे. त्याआधी पाहुणा आला की घरातलेच कोणीतरी त्याला राजवाड्यावर घेऊन जायचे, रात्री सराफ्यात खाऊ घालायचे आणि दुसऱ्या दिवशी उज्जैनच्या नाहीतर ओंकारेश्वरच्या गाडीत बसवून द्यायचे. इंदूर म्हणजे राहायचे, धंदापाण्याचे गाव. बघायचे ते महेश्वर आणि मांडू. ही समजूत बाहेरच्यांची नव्हे, इंदूरकरांचीच होती, आणि पुष्कळ घरांत अजून आहे.

सध्या साधारण दोन प्रकारच्या फेऱ्या चालतात. सकाळची फेरी बोलिया सरकारांच्या छत्रीपाशी, म्हणजे स्मारकाच्या घुमटीपाशी, सुरू होते, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवरून राजवाड्यासमोर येते, गोपाळ मंदिर करून बाजाराच्या गल्ल्यांत शिरते आणि काचमंदिरापाशी किंवा पोहे-जिलबीच्या दुकानावर संपते. रात्रीची सराफ्यातली, ती मुख्यतः खाण्याची. गटाबरोबर गेले तर वेळ आणि वाट ठरलेली असते. खाजगी फेरीत गाइड तुमचा, त्यामुळे आजी दमल्या की एखाद्या ओट्यावर टेकता येते, आणि कोणाला होळकरांच्या लढायांपेक्षा बर्तन बाजारातली पितळी पातेली जास्त आवडली तर तिथे अर्धा तास काढता येतो. २०११ च्या जनगणनेतच साडेएकोणीस लाखांच्या वर गेलेल्या या शहरात परक्या माणसाला ही सोय मोलाची आहे, कारण जुनी वस्ती मोबाइलवरच्या नकाशात बघून कळत नाही. गल्ल्या वळणे घेत जातात, आणि कान्ह नदी तर पुलावर उभे राहिल्याशिवाय दिसतच नाही.

परवान्याची बाजू कोरडी आहे, म्हणून थोडक्यात. सरकारी परवान्याचा गाइड म्हणजे फाटक आणि तिकीट असलेल्या वास्तूचा गाइड, ही जुनी व्यवस्था. त्यामुळे तो मांडूला, ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर, खजुराहोला भेटायचा. इंदूरच्या बाजारात त्याला काय काम? केंद्राने २०२० पासून ऑनलाइन शिकून प्रमाणपत्र घेण्याची सोय केली, त्याने दार थोडे किलकिले झाले. पण भांड्यांच्या गल्लीत उभे राहून चार माणसांना चार गोष्टी सांगायला परवाना विचारतो कोण? म्हणून या कामात हौशी माणसे जास्त शिरली. नमुना समोर होताच. अहमदाबादेत १९९७ च्या नोव्हेंबरात महापालिकेने काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत रोजची फेरी सुरू केली, आणि पुढे देशभरच्या शहरांनी ती थोड्याफार फरकाने उचलली.

मात्र पायी फिरून शहर समजून घेणे आणि ते लोकांना दाखवणे इंदूरला मुळीच नवे नाही. शंभर वर्षांपूर्वी होळकर दरबाराने त्यासाठी एक माणूस मुद्दाम बोलावला होता. पॅट्रिक गेडिस हा स्कॉटलंडचा मूळचा जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार झालेला. १९१४ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि गावोगावचे अहवाल लिहीत हिंडला. त्यांतला इंदूरचा अहवाल सर्वांत भरगच्च. १९१८ मध्ये तो दोन खंडांत छापला गेला. गेडिसची रीत एका वाक्यात सांगता येते : निदान आधी, उपचार नंतर. आणि निदान म्हणजे कचेरीत बसून नकाशावर पट्टी ठेवणे नव्हे, तर नकाशा हातात घेऊन गल्लीन्‌गल्ली पायांखाली घालणे.

लोकांना अर्थातच संशय आला. प्लेगचे दिवस. साहेब नकाशा घेऊन दाराशी आला म्हणजे घर तरी पडणार, नाहीतर दुखणे तरी येणार. ‘हाच तो प्लेग आणणारा म्हातारा साहेब’ असे लोक आपल्याकडे बोट दाखवून म्हणतात, हे त्याच्या कानावर आल्याची गोष्ट सांगतात. त्यावर त्याने जे केले ते आजच्या प्रत्येक फेरीत कुठे ना कुठे ऐकायला मिळते. त्याने दरबाराकडे एका दिवसाचे राजेपण मागितले आणि दिवाळीत मिरवणूक काढायचे ठरवले. मिरवणुकीची वाट हिंदूंच्या नेहमीच्या मार्गाने जाणार नव्हती, मुसलमानांच्याही नाही. ज्या भागात जास्तीत जास्त घरे झाडून, डागडुजी करून, रंगवून तयार होतील आणि झाडे लागतील, त्या भागातून ती जाणार, अशी दवंडी पिटली गेली. मग काय, पेठापेठांत चढाओढ लागली.

मिरवणुकीत हत्ती-घोडे होतेच. त्यांच्यामागून घाणीचा राक्षस, डास आणि पिसवांनी भरलेला प्रचंड उंदीर आला. त्यानंतर शहरातले झाडूवाले, नव्या पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार घालून. त्यांच्यामागे लक्ष्मी. शेवटी राक्षसाला आणि उंदराला आग लावून आतषबाजी झाली. गाइड मंडळी ही हकीकत रंगवून सांगतात, आणि ती रंगवावी अशीच आहे. फक्त ती बहुतांशी गेडिसच्या बाजूने आलेली आहे, आणि हार घातलेल्या माणसांच्या हातात दुसऱ्या दिवशी तोच झाडू होता, ही दोन वाक्ये जोडायची बहुतेक राहून जातात.

या प्रसंगात स्वच्छतेपेक्षा मला वाटेची बाब मोठी वाटते. मिरवणूक कुठून न्यायची हा इंदुरात कायमच मानाचा विषय. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, राजवाड्यावरून जाते. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर ठरल्या रस्त्याने निघतात. गिरण्या बंद पडून जमाना झाला, हुकुमचंद मिलचा भोंगा तर १९९१ मध्येच थांबला, पण कामगारांनी झांकी आणि तिची वाट सोडली नाही. गेडिसने पहिल्यांदा असे म्हटले की वाट परंपरेने ठरायला नको, गल्लीतल्या लोकांनी काय केले त्यावरून ठरावी. आजच्या पायी फेऱ्यांचा मार्ग यातल्या कुठल्याच कसोटीवर ठरलेला नाही. तो काय शिल्लक राहिले त्यावर ठरला आहे.

आणि काय शिल्लक ठेवायचे, यावरूनच इथला सगळ्यात कडवट वाद झाला : जुन्या शहरातल्या रस्त्यांचे रुंदीकरण.

२०१६ च्या जानेवारीत इंदूर स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवडले गेले आणि राजवाड्याच्या आसपासचा भाग कामाला घेतला गेला. रुंदीकरणाच्या योजना त्याआधीपासून कागदावर होत्या, आता निधी आला. बडा गणपती ते कृष्णपुरा पूल हा त्यातला गाजलेला तुकडा. दोन्ही बाजूंच्या घरांवर खुणा झाल्या, इतके फूट आत. पुष्कळ मालकांनी महापालिकेच्या यंत्राची वाट न बघता स्वतःच मजूर लावून घराचा पुढचा भाग उतरवला, कारण यंत्र आले की भिंत कुठे थांबेल याचा भरवसा नाही.

रुंदीकरणाच्या बाजूचे म्हणणे पोकळ नाही. आगीचा बंब आत जात नाही, रुग्णवाहिका अडकते, सणाच्या गर्दीत चेंगराचेंगरीची भीती. ज्या शहराचा राजवाडाच तीनदा जळला, १८०१ मध्ये, १९०८ मध्ये आणि १९८४ च्या दंगलीत, तिथे बंबाचा मुद्दा कोणी हसण्यावारी नेऊ नये. व्यापाऱ्यांतही सगळे विरोधात नव्हते; दुकानासमोर गाडी उभी राहिली तर गिऱ्हाईक येते, हा त्यांचा साधा हिशोब.

पण रस्ता रुंद झाला आणि तो लगेच उभ्या गाड्यांनी भरला, हेही सगळ्यांनी पाहिले. गेडिसचा मार्ग दुसरा होता. पडायला आलेली, राहण्यालायक नसलेली घरे तेवढी वेचून काढायची, मोकळी झालेली जागा चौकाला द्यायची, तिथे झाड लावायचे, आणि धडधाकट घराला हात लावायचा नाही. सरळ रुंद रस्त्यांच्या वेडावर त्याने आयुष्यभर टीका केली. त्याच्या मते तो सगळ्यात महाग आणि गरिबाला सगळ्यात आधी बेघर करणारा उपाय होता. त्याच्या अहवालाचा अभिमान बाळगणाऱ्या शहराने नेमका तोच उपाय निवडावा, याचे मला नवल वाटते. तो अहवाल आजच्या वाहतुकीला पुरा पडला नसता, असे म्हणणारे आहेत. असतील. पण तो तपासून मग बाजूला ठेवला, असे काही कानावर आले नाही.

या रस्त्यावर खाजगी फेरीतला गाइड हमखास थांबतो, कारण इथे घराचे पोट उघडे पडलेले दिसते. दोन मजली वाडा उभा चिरलेला. आतल्या खोलीचा निळा गिलावा थेट रस्त्याच्या उजेडात, त्यात देवाचा कोनाडा, कोनाड्याच्या कमानीला दिव्याची काजळी. वर सागवानी तुळईचे करवतीने कापलेले टोक. खाली नवे शटर, मोबाइलच्या कव्हरांचे दुकान. गटाच्या फेरीत इथे थांबत नाहीत; वीस माणसे उभी राहतील एवढी जागा नाही, आणि दुकानदार ओरडतो.

राजवाड्याची गोष्ट याच्या उलट. १९८४ ला जळालेला मागचा भाग पुढे कित्येक वर्षे तसाच पडून होता. तो जुन्या घडणीप्रमाणे पुन्हा उभा राहायला एकविसावे शतक उजाडले. समोरचा सात मजली दर्शनी भाग, खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडाचे, त्याचीही अलीकडे मोठी दुरुस्ती झाली. महाराष्ट्रातून आलेली मंडळी इथे अहिल्याबाईंची खोली विचारतात. समोरच्या बागेत त्यांचा पुतळा आहे, पण त्यांचा कारभार महेश्वरहून चालायचा आणि इंदूर राजधानी झाले ते १८१८ मध्ये, मंदसोरच्या तहानंतर, हे सांगताना गाइडची जरा पंचाईत होते. २०२५ च्या मे महिन्यात, त्यांच्या तीनशेव्या जयंतीच्या निमित्ताने राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठकच राजवाड्यात भरली. तेव्हापासून हा खुलासा आणखी जड झाला असणार.

शहर दाखवण्याची इंदूरची खरी सवय मात्र वाड्यांनी नव्हे, कचऱ्याने लावली. २०१७ मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात, केंद्राच्या शहरस्वच्छतेच्या पाहणीत, पहिला नंबर आला, पुढे तो येतच राहिला, आणि देशभरच्या महापालिकांची पथके इंदूर बघायला येऊ लागली. त्यांना ओला-सुका कचरा वेगळा घेणाऱ्या गाड्या, कचरा हस्तांतरण केंद्रे, देवगुराडियाचे कचरा टाकण्याचे मैदान दाखवले जाई. २०२२ च्या फेब्रुवारीत तिथे रोज ५५० टन ओला कचरा घेऊन त्यापासून गॅस करणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला, तोही यादीत आला. पाहुण्याला ठरलेल्या वाटेने न्यायचे, ठरलेल्या जागी थांबवायचे आणि आकडे सांगायचे, ही तालीम महापालिकेच्या माणसांना इथे मिळाली. २०२३ च्या जानेवारीत प्रवासी भारतीय संमेलन झाले, तेव्हा परदेशांतून आलेल्या कित्येकांना इंदूरकरांनी घरी उतरवून घेतले. पुढच्याच महिन्यात जी-२० च्या कृषी गटाची बैठक होती. तिच्या प्रतिनिधींना बोलिया सरकारांच्या छत्रीपासून राजवाड्यापर्यंत पायी नेले. सकाळच्या फेऱ्यांची आजची वाट जवळपास तीच. मोठ्या पाहुण्यांसाठी जो पट्टा झाडून-रंगवून तयार झाला, त्यालाच आता जुने इंदूर म्हणतात. नदीपलीकडची ‘जुनी इंदूर’ नावाची, होळकरांच्याही आधीची वस्ती बहुतेक फेऱ्यांत नाही. ती बघायची तर खाजगी गाइडला आधी सांगून ठेवावे लागते.

रात्रीच्या फेरीचे भवितव्य वेगळ्या भांडणात अडकले. सराफ्यात दिवसा सोन्या-चांदीची पेढी आणि रात्री तिच्याच ओट्यावर खाऊची दुकाने, ही वाटणी फार जुनी. रात्री माणसांचा राबता राहिला की पेढ्या सुरक्षित, म्हणून सराफांनीच ही सोय होऊ दिली, असे सांगतात. भुट्ट्याचा कीस, दहीवडे, थंडीत जीरावण मसाला भुरभुरवलेले गराडू, म्हणजे तळलेला कंद, एवढ्यावर ती चालायची. मग नूडल्स, मोमो, धूर सोडणाऱ्या मिठाया आल्या, गॅसच्या टाक्या वाढल्या, आणि २०२५ मध्ये सराफ व्यापाऱ्यांनी ही रात्रीची चौपाटी, म्हणजे खाऊचा बाजार, इथून हलवा अशी मागणी लावून धरली. परंपरेतले पदार्थ विकणाऱ्यांना राहू द्यावे, बाकीच्यांनी जागा सोडावी, असा तोडगा पुढे आला. मग परंपरेतला कोण आणि बाकीचा कोण, यावर खल झाला. चाळीस वर्षे पावभाजी विकणारा कुठे बसतो?

पर्याय म्हणून छप्पन दुकान या खाऊच्या रस्त्याचे नाव निघते. तो रस्ता २०२० मध्ये नव्याने बांधून गाड्यांना बंद केला, बसायला जागा केली, आणि आजी-नातवंडांना घेऊन फिरायला तो सराफ्यापेक्षा सोपा आहे यात शंका नाही. पण तो पलासियात. राजवाड्यापासून तिथे जायला रिक्षा करावी लागते, आणि पायी फेरी विकणाऱ्याला रिक्षाचे भाडे कोणाच्या खात्यात घालायचे हे पाहुण्याशी आधीच बोलून घ्यावे लागते.